बातमी सोडायची कुणी?

वर्तमानपत्राच्या शेवटच्या पानाच्या तळाशी एक ओळ असते. अक्षरं इतकी बारीक की ती कुणी वाचावी अशी अपेक्षाच नसावी. हे दैनिक अमुक यांनी अमुक छापखान्यात छापून अमुक पत्त्यावर प्रसिद्ध केले, संपादक अमुक. संपादकाच्या नावाला बऱ्याचदा एक चांदणी जोडलेली असते आणि तिचा खुलासा असा असतो की, पीआरबी कायद्यानुसार बातम्यांच्या निवडीची जबाबदारी यांची. आमच्या घरी पेपर माझ्या जन्माच्या आधीपासून येतो. पण ही ओळ मी नीट वाचली ती पंचविसाव्या वर्षी, तीही एका सॉफ्टवेअरचं काम करताना.

पीआरबी म्हणजे 'प्रेस अँड रजिस्ट्रेशन ऑफ बुक्स ॲक्ट', साल १८६७. या कायद्यात संपादकाची व्याख्या आहे आणि ती इंजिनिअरला आवडावी अशी नेमकी आहे. वृत्तपत्रात प्रसिद्ध होणाऱ्या मजकुराच्या निवडीवर ज्याचं नियंत्रण असतं, तो संपादक. लिहितो तो नाही, तपासतो तो नाही, मालक तर नाहीच. काय जाणार आणि काय नाही हे ठरवतो तो. पुढे कायदा असंही म्हणतो की, अंकावर ज्याचं नाव संपादक म्हणून छापलं आहे, तो त्या अंकाच्या प्रत्येक भागाचा संपादक धरला जाईल. तसं नाही हे सिद्ध होईपर्यंत. म्हणजे आतल्या पानावरची चार ओळींची बातमी त्यानं पाहिली नसली, तरी ती त्याची. २०२३ मध्ये या कायद्याच्या जागी नवा कायदा आला आणि १ मार्च २०२४ पासून तो लागू झाला. तोही छापील नियतकालिकांचाच कायदा आहे.

या ओळीची किंमत मराठी पत्रकारितेनं फार लवकर मोजली. 'केसरी' ४ जानेवारी १८८१ रोजी सुरू झाला. कोल्हापूरचे कारभारी माधवराव बर्वे यांच्यावर आरोप करणारा मजकूर 'केसरी' आणि 'मराठा'मध्ये आला. ज्या पत्रांच्या आधारावर तो छापला, ती पत्रं बनावट निघाली. १८८२ मध्ये 'केसरी'चे संपादक म्हणून आगरकर आणि 'मराठा'चे संपादक म्हणून टिळक यांना चार महिन्यांची शिक्षा झाली. त्यांपैकी एकशे एक दिवस दोघांनी डोंगरीच्या तुरुंगात काढले. ती पत्रं संपादकांनी लिहिली नव्हती. पण छापायची हे ठरवणं त्यांचं होतं.

वेबसाइटवर ती चांदणीची ओळ नसते. तिथं काय असतं, ते सांगण्यासाठी हा लेख.

*

मी पुण्यातल्या एका लहान सॉफ्टवेअर कंपनीत काम करते. आम्ही सगळे मिळून नऊ जण. २०२२ मध्ये आमच्याकडे पश्चिम महाराष्ट्रातल्या एका दैनिकाच्या वेबसाइटचं काम आलं. साइट आधीच चालू होती, दुसऱ्या कुणीतरी बांधलेली. आम्हाला जे करायचं होतं, ते ईमेलमध्ये एका ओळीत लिहिलेलं होतं : 'रोल आणि परमिशन नीट करून द्यावे.' आमच्या सरांनी त्यापुढे तीन दिवसांचा अंदाज लिहिला आणि काम माझ्याकडे सरकवलं.

आधी आहे ते बघावं म्हणून मी लॉग उघडला. कुणी, कधी, कोणत्या बातमीवर काय केलं याची नोंद म्हणजे लॉग. ऑफिसात बातम्यांशी संबंध असलेले चाळीसेक लोक होते आणि सिस्टिममध्ये खाती होती चार. त्यातलं 'वृत्तसंपादक' नावाचं खातं दिवसाचे एकवीस-बावीस तास जागं असायचं. पहाटे तीनला रस्ता अपघात, सहाला राशिभविष्य, अकराला जिल्हा परिषद, रात्री साडेबाराला क्रिकेट. आठवडेच्या आठवडे, सुट्टी नाही. वृत्तसंपादक म्हणजे साठीकडे झुकलेले, मधुमेहाची गोळी वेळेवर घेणारे गृहस्थ होते आणि रात्री अकराला घरी जात, हे मला नंतर कळलं. पासवर्ड दर तीन महिन्यांनी बदलायचा आणि बदलला की तासाभरात डेस्कच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर यायचा.

हे त्या ऑफिसचं खास वैगुण्य आहे असं समजू नका. परवानगीची कुठलीही व्यवस्था कामाच्या वेगापेक्षा घट्ट झाली, की माणसं तिला वळसा घालतात. सहकारी बँकेतही एकाचं लॉगिन दुसरा वापरतो. फरक इतकाच की, बँकेत पैशाचा हिशोब संध्याकाळी जुळवावा लागतो, बातमीचा कुणी जुळवत नाही.

मग कळलं की, हे काम अचानक का निघालं. एका साखर कारखान्याच्या अध्यक्षांनी अब्रूनुकसानीची नोटीस पाठवली होती. बातमी बरोबर होती, मथळा चुकीचा होता. चौकशीची मागणी झाली होती आणि मथळ्यात चौकशी सुरू झाली होती. छापील अंकात मथळा बरोबर गेला होता, चूक फक्त वेबसाइटवर. लॉगमध्ये नाव होतं वृत्तसंपादकांचं, वेळ रात्री एक वाजून दहा मिनिटं.

जनरल मॅनेजरांनी मला फोन केला. "मॅडम, तुम्ही आयपीवरून काढू शकता ना, कोण होतं ते?"

मी सांगितलं की, आयपी पत्ता तुमच्या ऑफिसचा आहे. तुमच्या ऑफिसातले सगळे कॉम्प्युटर बाहेरच्या जगाला एकाच पत्त्यानं दिसतात. कोणतं खातं आणि किती वाजता, एवढं लॉग सांगतो. खुर्चीत कोण बसलं होतं हे त्याला दिसत नाही.

"पण रात्रपाळीला दोघंच असतात. तुम्ही फक्त 'अमुक असावा' असं लिहून द्या."

मी लिहून दिलं ते असं : खातं, वेळ, जुना मथळा, नवा मथळा. पुढे काही नाही. त्या दोघांतला एक कंत्राटी होता आणि त्या कागदावर त्याचं नाव आलं असतं तर महिन्याच्या आत काय झालं असतं, हे मला पुण्यात बसूनही कळत होतं.

*

आता थोडं तांत्रिक, पण ते चुकवता येणार नाही.

साइट जँगोमध्ये बांधलेली होती. जँगो हा वेबसाइट बांधायचा सांगाडा, आणि त्याचा जन्म चक्क वर्तमानपत्राच्या ऑफिसातला. अमेरिकेतल्या कॅन्सस राज्यात 'लॉरेन्स जर्नल-वर्ल्ड' नावाचं दैनिक आहे. तिथं वेबचं काम करणाऱ्या एड्रियन होलोव्हाटी आणि सायमन विलिसन यांनी २००३ मध्ये तो लिहायला घेतला आणि जुलै २००५ मध्ये तो सगळ्यांसाठी खुला झाला. बातमीच्या डेडलाइनला पुरे पडेल अशा वेगानं पानं तयार व्हावीत, ही त्यामागची निकड.

असा हा न्यूजरूममध्ये जन्मलेला सांगाडा प्रत्येक गोष्टीसाठी आपोआप ज्या परवानग्या तयार करतो त्या चार : नवीन घालणे, बदलणे, काढून टाकणे आणि बघणे. बघण्याची परवानगीसुद्धा २०१८ मध्ये आली. 'प्रसिद्ध करणे' ही परवानगी त्यात नाही. ती हवी असेल तर आपली आपण जोडायची. गंमत म्हणजे ती कशी जोडायची हे समजावताना जँगोच्या कागदपत्रांत उदाहरण दिलं आहे ते नेमकं प्रसिद्ध करण्याचंच.

ही विसराळूपणाची गोष्ट नाही. डेटाबेसच्या दृष्टीनं प्रसिद्ध करणं म्हणजे एका रकान्यातला 'मसुदा' हा शब्द पुसून 'प्रसिद्ध' हा शब्द लिहिणं. शुद्धलेखन सुधारण्याइतकाच तो एक बदल. त्यामुळे ज्याला बदलण्याची परवानगी आहे, त्याला प्रसिद्ध करण्याचीही मिळून जाते, वेगळी कुणी न देता. जुन्या साइटवर हेच झालं होतं. कुणीतरी यावर उपाय म्हणून बातमीदारांच्या स्क्रीनवरून 'प्रसिद्ध करा' हे बटण लपवलं होतं. बटण लपवणं म्हणजे दाराला कुलूप न लावता दारापुढे कपाट सरकवणं. सर्व्हरवर, म्हणजे जिथं तो शब्द खरोखर बदलतो तिथं, विचारणा झाली तरच ती परवानगी.

दुसरी गोष्ट रोलची. १९९२ मध्ये डेव्हिड फेरायोलो आणि रिचर्ड कून या अमेरिकेच्या राष्ट्रीय मानक संस्थेतल्या दोघांनी एक निबंध मांडला. त्यातली कल्पना आज इतकी रुळली आहे की, ती कुणाला तरी सुचावी लागली असेल हेच खरं वाटत नाही. परवानग्या माणसाला द्यायच्या नाहीत, भूमिकेला द्यायच्या. माणसाला भूमिका द्यायची. उपसंपादक सोडून गेला की भूमिका काढून घ्यायची, नवा आला की त्याला द्यायची. आणि काही भूमिका एकाच माणसाकडे एकाच वेळी येऊ द्यायच्या नाहीत. आपल्या बँकांत याला मेकर-चेकर म्हणतात. नोंद करणारा वेगळा, मंजूर करणारा वेगळा.

हे सगळं मला कॉलेजात एका तासात शिकवलं होतं, परीक्षेला पाच मार्कांसाठी यायचं. कागदावर ते तीन दिवसांचंच काम आहे.

*

सरांना सांगून मी चार दिवस त्या दैनिकाच्या ऑफिसात जाऊन बसले, त्यातल्या दोन रात्रपाळ्या. रात्रपाळीला आण्णा होते. वय सत्तावन्न, डेस्कवर तीस वर्षं, आधी कायम आणि आता वर्षावर्षाच्या करारावर. त्यांना सगळे आण्णाच म्हणत. त्यांनी मला पहिल्या रात्री विचारलं, "मॅडम, तुम्ही नोटीस काढायला आलासा की चहा प्यायला?" चहा प्यायला, म्हटलं. मग ते बोलायला लागले.

डेस्कवर 'प्रकाशित करणे' हा शब्द कुणी वापरत नाही. पान लागतं आणि मग पान सोडतात. पान सोडलं की ते छापखान्याकडे गेलं, आता हाताबाहेर. वेबसाइट आल्यावर तोच शब्द बातमीला लागला : "ती अपघाताची सोडली का?" आधीच्या साइटवरच्या बटणाला 'पब्लिश' म्हणत. मी नव्या बटणावर 'बातमी सोडा' असं लिहिलं आणि डेस्कवर त्याबद्दल कुणाला काही समजावून सांगावं लागलं नाही.

त्या चार दिवसांत ज्या गोष्टी कळल्या, त्या ईमेलमधल्या एका ओळीत नव्हत्या. उदाहरणार्थ, तालुक्याचा बातमीदार बातमी पाठवतो, उपसंपादक मंजूर करतो आणि मंजुरीनंतर बातमीदार त्यात आमदारांच्या नावामागे एक 'सन्माननीय' घालतो. मग मंजूर झाली ती कोणती बातमी? म्हणून मंजुरी बातमीला द्यायची नाही, तिच्या त्या वेळच्या आवृत्तीला द्यायची. अक्षर बदललं की मंजुरी गळून पडते आणि बातमी परत रांगेत जाते. मथळ्यालाही तोच नियम, कारण नोटीस मथळ्यावरच येते.

किंवा हे घ्या. शुक्रवारी एकानं रविवारच्या पुरवणीचा लेख वेळ लावून ठेवला. शनिवारी त्यानं नोकरी सोडली. रविवारी सकाळी सहाला तो लेख कुणाच्या अधिकारात सुटणार? आम्ही ठरवलं की, वेळ लावताना एकदा आणि सुटताना एकदा, असं दोनदा विचारायचं. दुसऱ्या वेळी अधिकार उरला नसेल तर लेख थांबवून वृत्तसंपादकांना कळवायचं.

किंवा जिल्ह्यांचं. साताऱ्याच्या डेस्कनं सांगलीच्या बातमीला हात लावू नये. जँगोच्या परवानग्या मुळात अख्ख्या तक्त्याला लागतात, बातम्या बदलता येतात किंवा येत नाहीत. ही बातमी येते आणि ती येत नाही, असा भेद करायचा तर तो आपण लिहायचा. लिहिला. पण सांगलीत बस उलटली आणि प्रवासी साताऱ्याचे असले तर? त्यावर डेस्कवर अर्धा तास वाद झाला. शेवटी बातमीला एकापेक्षा जास्त जिल्हे जोडता यावेत असं ठरलं. तीन दिवसांच्या अंदाजाचे तोवर अडीच आठवडे झाले होते.

*

खरी अडचण रात्री एक ते सकाळी सहा या वेळेची होती.

जनरल मॅनेजरांचं म्हणणं स्पष्ट होतं. सोडण्याचा अधिकार तिघांनाच : संपादक, वृत्तसंपादक आणि वेबचे प्रमुख. प्रत्येकाला स्वतःचं खातं आणि मोबाइलवर येणारा ओटीपी, म्हणजे पासवर्ड फिरवून उपयोग नाही. नोटिशीनंतर असं वाटणं साहजिक होतं. पण हे तिघंही रात्री झोपतात.

आण्णांनी शांतपणे एकच शब्द उच्चारला. "राधानगरी."

कोल्हापूर-सांगलीकडच्या माणसाला पुढचं सांगावं लागत नाही. इतरांसाठी सांगते. राधानगरी धरणाला सात स्वयंचलित दरवाजे आहेत. पाणी ठराविक पातळीला पोचलं की ते आपोआप उघडतात. कुणाची मंजुरी नाही, कुणी बटण दाबत नाही. एका दरवाजातून साधारण चौदाशे क्युसेक पाणी भोगावतीत येतं आणि पुढे पंचगंगेत. पंचगंगेची पातळी राजाराम बंधाऱ्यावर मोजतात. ३९ फूट ही इशारा पातळी, ४३ फूट ही धोका पातळी. पावसाळ्यात त्या भागातली माणसं रात्री झोपमोड झाली की घड्याळाच्या आधी हा आकडा बघतात. २०१९ चा ऑगस्ट आणि २०२१ चा जुलै, दोन्ही वेळा नदी ५५ फुटांच्या पुढे गेली होती. दरवाजा पहाटे अडीचला उघडला तर नदीकाठच्या माणसाला ते अडीचला कळायला हवं. गोठ्यातली जनावरं सोडायची असतात, तळघरातला माल वर न्यायचा असतो.

"दरवाजे आपोआप सुटणार," आण्णा म्हणाले, "आणि बातमी ओटीपीसाठी थांबणार."

जनरल मॅनेजर म्हणाले, "फोन करून उठवा."

"उठवतो की. सर गोळी घेऊन झोपत्यात. सातव्या रिंगला उचलतील, ओटीपी वाचून दाखवतील. म्हणजे परत माझ्याच हातानं सुटणार आणि नाव सरांचं. मग बदललं काय?"

दुसरी बाजूही खोटी नव्हती. पुराच्या रात्री अफवाही तितक्याच वेगानं येतात. धरण फुटलं, पूल वाहून गेला, अमुक गावाला वेढा पडला. कुठल्यातरी जुन्या पुराचा व्हिडिओ नव्या मजकुरासह फिरतो. दैनिकाच्या साइटवर धरण फुटल्याची बातमी पाच मिनिटं जरी राहिली, तरी त्या पाच मिनिटांत अंधारात रस्त्यावर येणारी माणसं असतात. उशिरा सोडलेल्या बातमीनं माणूस दगावू शकतो आणि घाईनं सोडलेल्या बातमीनंही.

आगीच्या घंटेवर काच असते, ती फोडून आतलं बटण दाबायचं. दवाखान्यांच्या सॉफ्टवेअरमध्ये हीच सोय असते : बेशुद्ध रुग्ण समोर आहे, त्याची फाइल बघायचा अधिकार या डॉक्टरला नाही, तर काच फोडून ती बघता येते, पण काच फुटल्याचं सगळ्यांना दिसतं आणि नंतर विचारणा होते. आम्ही तसं एक बटण केलं, 'तातडीनं सोडा'. ते रात्री एक ते सहामध्येच दिसतं. विषय तीनच : पाण्याची पातळी आणि विसर्ग, हवामानाचा इशारा, रस्ते आणि पूल. आधी सूत्र निवडावं लागतं : जिल्हा आपत्ती व्यवस्थापन कक्ष, पाटबंधारे विभाग, पोलिस नियंत्रण कक्ष किंवा हवामान खातं. कुणाशी, किती वाजता बोलणं झालं हे लिहावं लागतं. ते लिहिल्याशिवाय बटण उमटत नाही. सोडल्याबरोबर तिघांच्या मोबाइलवर बातमी जाते, तिथूनच ती मागे घेता येते आणि सकाळी वृत्तसंपादकांनी 'पाहिलं' अशी खूण केल्याशिवाय ती त्यांच्या पडद्यावरून हलत नाही. मेकर आणि चेकर एकच माणूस होतो, हे आम्ही जाणूनबुजून होऊ दिलं. फक्त चेकर नंतर येतो.

मी हे आण्णांना दाखवलं. त्यांनी चष्मा कपाळावर चढवून सगळं वाचलं.

"बटण दिलंसा, बरं झालं," ते म्हणाले. "पण मॅडम, आजवर सरांच्या नावानं सोडत होतो. बरंवाईट झालं तर नोटीस सरांना. उद्यापासून माझं नाव लागणार. मी वर्षाच्या करारावरचा माणूस. पगार तोच ना?"

*

अधिकार देणं म्हणजे काहीतरी चांगलं देणं, हे आम्ही सॉफ्टवेअरवाले गृहीत धरतो. जास्त परवानग्या म्हणजे वरचा माणूस. आण्णांच्या बाजूनं बघितलं तर मी त्यांच्या गळ्यात एक घंटा बांधत होते. अंकावरच्या त्या चांदणीचा अर्थ मला तेव्हा लागला. ती ओळ संपादकाला मिरवण्यासाठी नाही, इतरांच्या संरक्षणासाठी आहे. बाहेरच्या जगानं कुणाला धरायचं हे ती ठरवते, म्हणून आतला उपसंपादक निर्धास्तपणे मथळा लावू शकतो. वेबसाइटसाठी २०२१ मध्ये केंद्र सरकारनं नियम आणले. तक्रार निवारण अधिकारी नेमायचा, तक्रार पंधरा दिवसांत निकाली काढायची वगैरे. त्यातल्या आचारसंहितेच्या काही तरतुदींना मुंबई उच्च न्यायालयानं त्याच वर्षी ऑगस्टमध्ये स्थगिती दिली. तक्रार कुणाकडे करायची हे त्यातून कळतं. पहाटे अडीचला बटण दाबणाऱ्या कंत्राटी माणसाच्या मागे कोण उभं आहे, हे कळत नाही.

लॉग खरा असायला हवा, यात मला शंका नव्हती. बटण आण्णांनी दाबलं तर लॉगमध्ये आण्णाच हवेत. दुसऱ्याच्या नावानं काम करण्यात अपमानही असतोच. पण लॉगमधलं नाव आणि जबाबदारीचं नाव एकच असलं पाहिजे असं नाही. कोड या दोन गोष्टी वेगळ्या ठेवू शकतो. माणसं ठेवतील का, हा प्रश्न कोडच्या बाहेरचा.

आमच्या कामाचा एक भाग म्हणून परवानग्यांचा तक्ता संपादकांच्या सहीसाठी पाठवायचा होता. उभ्या रांगेत भूमिका, आडव्या रांगेत कृती, चौकोनांत हो किंवा नाही. मी 'तातडीनं सोडा' या चौकोनाखाली एक रिकामी जागा ठेवली आणि लिहिलं : 'या चौकोनातल्या निवडीची जबाबदारी कोणाची, ते कृपया नमूद करावे.' जनरल मॅनेजरांना ते आवडलं नाही. सॉफ्टवेअर कंपनीनं हे विचारायचं कारण काय, असा फोन आमच्या सरांना आला. सर म्हणाले, कारण आम्हाला तो रकाना भरावा लागतो. हे पूर्ण खरं नव्हतं, पण मी गप्प राहिले.

संपादक कमी बोलणारे होते. माझी त्यांच्याशी एकदाच, दारात भेट झाली. तक्ता नऊ दिवसांनी परत आला. त्या जागेत हिरव्या शाईनं लिहिलं होतं : 'रात्रपाळीत वरील तीन विषयांवर सुटलेल्या मजकुराची निवड माझी समजावी.' खाली सही आणि तारीख. आण्णांनी त्या कागदाची झेरॉक्स काढून आपल्या खणात ठेवली.

*

पुढच्या जुलैमधल्या एका रात्री २ वाजून ४१ मिनिटांनी ते बटण पहिल्यांदा वापरलं गेलं. सूत्र, आपत्ती व्यवस्थापन कक्ष, बोलणं २.३५ ला. मथळा : 'राधानगरीचा एक स्वयंचलित दरवाजा उघडला'. खाली तीन ओळी. लॉगमध्ये आण्णांचं पूर्ण नाव, जे मी तोवर कुणाच्या तोंडून ऐकलं नव्हतं. सकाळी ६.२० ला वृत्तसंपादकांची 'पाहिलं' ही खूण.

मी दोन दिवसांनी दुसऱ्याच कामासाठी फोन केला तेव्हा आण्णा म्हणाले, "ती सोडली ते सोपं होतं. त्याच्या आधी तासभर एक व्हिडिओ नाचत होता. धरणाची भिंत गेली म्हणून. अकरा जणांनी पाठवला. मालकांच्या घरनं पण आला. तो नाही सोडला."

लॉगमध्ये त्या तासाची काहीही नोंद नाही. असणारही नाही. दाबलेलं बटण नोंदवता येतं. न दाबलेलं कसं नोंदवणार? डेस्कचं निम्मं काम हे न सोडण्याचं असतं आणि आमच्या तक्त्यांत त्याला रकाना नाही.

वर्षभरानं व्यवस्थापनानं एक अहवाल मागितला : महिन्याला कोणी किती बातम्या सोडल्या. स्वतंत्र खाती झाल्यामुळे आता तो काढता येत होता, वीस ओळींच्या क्वेरीचं काम. सर्वांत जास्त आकडा मनोरंजनाच्या डेस्कचा होता, सर्वांत कमी रात्रपाळीचा. मी अहवालाखाली लिहिलं की, या आकड्यांत फक्त सोडलेल्या बातम्या मोजल्या आहेत, तपासून थांबवलेल्या नाहीत. त्यामुळे यावरून कामाची तुलना करता येणार नाही. आण्णांचा करार त्या मार्चमध्ये संपला आणि पुढे वाढवला गेला नाही. तेव्हा त्यांना अठ्ठावन्न पूर्ण झाली होती.

त्यांचं खातं बंद करण्याची विनंती माझ्याकडेच आली. जँगोमध्ये अशा वेळी खातं पुसून टाकत नाहीत. पुसलं तर त्याला जोडलेल्या नोंदी अनाथ होतात किंवा त्याच्याबरोबर जातात. म्हणून 'सक्रिय' या शब्दापुढची खूण काढायची. माणूस आत येऊ शकत नाही, पण त्यानं सोडलेल्या प्रत्येक बातमीमागे त्याचं नाव राहतं. मी खूण काढली. ४१२ बातम्या होत्या, त्यांपैकी १७ तातडीच्या.

त्या पावसाळ्यात रात्रपाळीच्या नव्या मुलाचा मला फोन आला. पहाटेचे चार वाजले होते. आण्णांचा मेसेज आलाय, तो म्हणाला. राजाराम बंधाऱ्यावर स्वतः जाऊन बघून आलेत, पाणी ३८ वर आहे म्हणतात. सूत्राच्या यादीत काय निवडू?

त्या यादीत आण्णांसाठी पर्याय नव्हता. मी म्हटलं, आपत्ती कक्षाला फोन कर. त्यानं केला. पाणी ३८ फूट २ इंच होतं. मग त्यानं बातमी सोडली, सूत्र म्हणून आपत्ती कक्ष निवडला आणि कुणाशी बोलणं झालं या रकान्यात दोन नावं लिहिली.